चार बाय आठची रांगोळी

मागच्या वर्षी पौषातली गोष्ट. सकाळी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात मोरीतून घंगाळं पडल्यासारखा आवाज आला. "आई, काय पडलं हो?" मी तिथूनच विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा आतून बारीक आवाज आला, "मीच पडले."

मोरीचं दार आतल्या बाजूला उघडणारं. सासूबाई पडल्या होत्या नेमक्या दाराला पाठ लावून. आम्ही बाहेरून ढकलावं तर दार त्यांनाच लागायचं. हे म्हणजे आमचे यजमान, एरवी कसल्या गोष्टीला न घाबरणारे, त्या दाराशी अक्षरशः रडकुंडीला आले. शेवटी माझी मुलगी, अंगाने बारीक, वीतभर फटीतून कशीबशी आत शिरली आणि आजीला बाजूला सरकवलं, तेव्हा दार उघडलं.

डावं मनगट मोडलं होतं. मनगटावर निभावलं हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. खुब्याचं हाड मोडलं असतं, तर या वयात ऑपरेशन आणि अंथरूण दोन्ही आलं असतं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं, हात हलायला लागला आणि घर आपल्या कामाला लागलं. मोरी होती तशीच राहिली. मी फक्त शहाबादी फरशी काथ्याने घासून काढली आणि प्लॅस्टिकची एक जाळीची चटई आणून टाकली. आपण बायका अशाच! दुखण्यावर मोठा खर्च करायचा म्हटलं की आधी चटई आणतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. सासूबाईंनी संध्याकाळचा चहा सोडला. "पित्त होतं गं," म्हणाल्या. मग रात्रीच्या जेवणातलं ताक गेलं. उन्हाळा आला तशी त्यांना उन्हाळी लागली, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, की आजी पाणी किती पितात? मी म्हटलं, पीत असतील की. घरी येऊन लक्ष ठेवलं तर दुपारी चारनंतर त्यांच्या फुलपात्रातलं पाणी हलतच नव्हतं. मला काही त्या बोलल्या नाहीत. नातीला बोलल्या. आमचा संडास मागे परसात. पडवीच्या दोन पायऱ्या उतरायच्या, अंधारातून दहा-बारा पावलं जायचं आणि तिथे उकिडवं बसायचं. रात्री उठायला लागू नये म्हणून बाई पाणीच पीत नव्हत्या.

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! माझ्याच घरातलं माणूस पाणी मोजून पितंय आणि मी चहा का घेत नाही म्हणून वर जिऱ्याचं पाणी करून देत होते.

त्या वर्षी आमच्याकडे पुढच्या खोलीचं काम काढायचं ठरलं होतं. नवीन फरशी, छताला पीओपी, रंग. पैसेही त्यासाठीच बाजूला ठेवलेले. मी म्हटलं, आधी मोरी. ह्यांचं म्हणणं, "पाहुणे पुढच्या खोलीत बसतात, मोरीत नाही." मी म्हटलं, पाहुणे वर्षातून चार वेळा येतात, आपण मोरीत दिवसातून चार वेळा जातो. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच टेप घेऊन मोरीत शिरले. बहुतेक ते अडकलेलं दार त्यांनाही आठवत असावं.

टेप लावली आणि कळलं, की एवढी वर्षं ज्या जागेत आम्ही पाच माणसं न्हात होतो, ती चार फूट बाय पाच फूट आहे. त्यातही दोनशे लिटरचं पाण्याचं पिंप दोन फूट जागा खाऊन बसलेलं. नळाला पाणी आमच्या आळीत एक दिवसाआड, त्यामुळे पिंप तर हवंच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ही मोरी मागच्या पडवीला लागून आहे. पडवीतली तीन फूट जागा आत घेतली, तर चार बाय आठ होतात, म्हणजे बत्तीस चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत संडास आणि न्हाणी एकत्र असेल तर निदान 2.8 चौरस मीटर जागा आणि 1.2 मीटर रुंदी सांगितली आहे. चौरस मीटर आपल्या डोक्यात शिरत नाही, पण हिशेब केला तर साधारण तीस चौरस फूट आणि चार फूट रुंदी होते. आम्ही काठावर पास झालो.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटं उभं राहून पाहिलं आणि सांगितलं, "वहिनी, इथं कमोड, इथं बेसिन, इथं शॉवर. झालं." भिंतीवर खडूने तीन गोल काढले. मला काही ते पटेना. गोल काढणाऱ्या माणसाने त्या मोरीत कधी कपडे भिजवले नव्हते, केस धुतले नव्हते की ओलं लुगडं गुंडाळून दाराआड उभं राहून "कुणी आहे का बाहेर?" असं विचारलं नव्हतं.

मग मला एक सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण सारवलं आणि टेप धरून रांगोळीने चार बाय आठची चौकट काढली. जिथे दार येणार तिथे जागा मोकळी सोडली. कमोडच्या जागी घरातली खुर्ची ठेवली, पिंपाच्या जागी खरं पिंप, बादलीच्या जागी बादली. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "आज कसली गं रांगोळी? सण तर नाही काही." मी म्हटलं, "काकू, ही आमची न्हाणी." त्या आत आल्या त्या तासभर तिथेच होत्या आणि त्यांनीही दोन गोष्टी सुचवल्या.

मैत्रिणींनो, कुणाकडे काम काढायचं असेल तर हे एवढं जरूर करा. कागदावरचा नकाशा आपल्याला कळत नाही आणि कळल्यासारखा वाटतो, हे जास्त वाईट. रांगोळीत उभं राहिलं की गुडघा कुठे आपटतो ते लगेच समजतं. मिस्त्रींच्या बेसिनच्या जागी मी स्टूल ठेवलं आणि ह्यांना बादली उचलून न्यायला सांगितलं. दोनदा स्टूल पडलं. बेसिन तिथल्या तिथे रद्द! दात पडवीत घासता येतात. इतक्या लहान जागेत बेसिन म्हणजे गुडघ्याचा वैरी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

सासूबाई हे सगळं ओट्यावर बसून बघत होत्या. त्यांना म्हटलं, या हो आई, बसून बघा. "मी नाही त्या खुर्चीवर बसणार. खुर्चीवर बसून कुणाला कधी होतं का?" मुलगी खो खो हसली. पण त्यांचा खरा विरोध वेगळाच होता. मोरीच्या भिंतीला पलीकडून, म्हणजे स्वयंपाकघरात, देव्हारा आहे. तो त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासूनचा. "देवांच्या पाठीला संडास? मी परसात जाईन, पडेन, पण हे नाही." आता यात त्यांना हसून चालणार नव्हतं. बाईंनी आयुष्यभर ज्या भिंतीसमोर हात जोडले, त्या भिंतीचा प्रश्न होता. मी म्हटलं, देव हलवायचे नाहीत, हे कबूल. मग संडास हलवू.

म्हणून खुर्ची उचलून चौकटीच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे पडवीकडच्या बाहेरच्या भिंतीला नेली. देव्हाऱ्याच्या मागे आता न्हाण्याची जागा, आणि संडास तिथून पाच फुटांवर. सासूबाईंनी बराच वेळ रांगोळीकडे पाहिलं. "तिथं असेल तर बघू," म्हणाल्या. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

गंमत म्हणजे देवांसाठी केलेली ही सोय पुढे पाइपासाठी उपयोगी पडली. परसातल्या संडासाची सेप्टिक टाकी बाहेरच्या भिंतीपासून चौदा फुटांवर आहे. मैल्याच्या पाइपाला दर फुटाला पाव इंच ढाळ लागतो, म्हणजे चौदा फुटांना साडेतीन इंच. कमोड दोन प्रकारचे असतात. एकाचं तोंड खाली जमिनीत जातं, त्याला एस ट्रॅप म्हणतात. दुसऱ्याचं मागे भिंतीतून बाहेर पडतं, तो पी ट्रॅप. मिस्त्रींनी जमिनीत जाणारा धरला होता. त्या हिशेबाने पाइप इतका खाली जात होता, की टाकीचं तोंड वर राहत होतं. "मग न्हाणीची जमीनच नऊ इंच उचलू, दोन पायऱ्या करू," ते म्हणाले. दोन पायऱ्या! ज्या पायऱ्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्याच घरात आणायच्या? प्लंबर पोरगा तरुण होता, पण हुशार. त्यानेच सांगितलं की कमोड बाहेरच्या भिंतीलाच आहे, तर पी ट्रॅप घ्या. त्याचा पाइप जमिनीच्या वर सात इंचांवरून भिंतीबाहेर पडतो, जमीन उचलायला नको. तेव्हा दुकानात जाऊन आधी कमोड पसंत करू नका. आधी पाइप कुठून कुठे जाणार ते बघा, मग कमोड.

न्हाणीचं साबणाचं पाणी मात्र टाकीत सोडलं नाही. साबण आणि इतकं पाणी टाकीत गेलं की आतलं कुजण्याचं काम बिघडतं आणि टाकी लवकर भरते. ते पाणी वेगळ्या पाइपाने परसातल्या शोषखड्ड्याकडे नेलं. शेजारीच केळी आहे. तिची यंदा तब्येत बघण्यासारखी आहे.

पैशांचं बोलू या, कारण खरा घोळ तिथेच होतो. आमचं अंदाजपत्रक 1 लाख 20 हजारांचं. त्यातले पस्तीस हजार माझ्या भिशीचे. शेवटी खर्च गेला 1 लाख 34 हजारांवर. पडवीच्या भिंतीचा जुना गिलावा फोडला तर आत विटा भिजून मऊ झालेल्या निघाल्या, तिथे जास्तीचे गेले. जुन्या घरात हात घातला की असं काही ना काही निघतंच, तेव्हा दहा-पंधरा टक्के आधीच वेगळे बांधून ठेवा आणि ते घरात कुणाला सांगू नका. मी सांगितले नव्हते, म्हणून निभावलं. आणि एक. जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर आधी पैसे घाला: पाइप, वॉटरप्रूफिंग, वायरिंग. टाइल्स स्वस्तातल्या घेतल्या तरी चालतं. उलटं केलं तर चार वर्षांनी त्याच महागाच्या टाइल्स फोडाव्या लागतात.

टाइल्सच्या दुकानात काय झालं ते सांगते. गुजरातेतल्या मोरबीहून आलेला ढीगभर माल, आरशासारखा चकचकीत. दुकानदार म्हणाला, "ताई, हे बघा, तोंड दिसतं यात." मी पिशवीतून पाण्याची बाटली आणि साबणाची वडी काढली. एक टाइल जमिनीवर ठेवायला लावली, पाणी टाकलं, साबण चोळला आणि चप्पल काढून त्यावर पाय दिला. मुलीने दंड धरला होता म्हणून बरं, नाहीतर तोंड दिसलं असतं तेही पडलेलं! मग सगळ्या टाइल्स तशाच तपासल्या. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण शेवटी त्यानेच मागच्या गोडाऊनमधून खरखरीत, मॅट टाइल काढून दिली. एक फूट बाय एक फुटाची घेतली. लहान टाइलला सांधे जास्त येतात आणि त्या सांध्यांना पाय धरतो. शिवाय ढाळ द्यायला सोपं जातं. मोठी टाइल पाण्याच्या वाटेला वाकत नाही. जमिनीला पांढरा रंग घेतला नाही, भिंतीला घेतला. म्हाताऱ्या डोळ्यांना जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते वेगळं दिसलं पाहिजे. ही गोष्ट शेजारच्या काकूंची. त्यांच्या मोतीबिंदूने त्यांना शिकवलेली.

काम सुरू झालं दसऱ्यानंतर. पावसाळ्यात असलं काम काढू नये, भिंती वाळत नाहीत. मिस्त्री म्हणाले होते नऊ दिवस, लागले एकवीस. त्या एकवीस दिवसांत आम्ही पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या साड्यांचा आडोसा करून न्हालो. परसातला संडास मी शेवटपर्यंत पाडू दिला नाही. आधी सगळं फोडून मोकळं व्हायची कामगारांना फार घाई असते, घरात राहायचं असतं आपल्याला. तो संडास अजूनही आहे. ह्यांना तोच आवडतो. घरात पाच माणसं आणि सकाळची शाळा-ऑफिसची वेळ, तेव्हा दोन असलेले बरेच.

वॉटरप्रूफिंगच्या वेळी माझी आणि मिस्त्रींची जुंपली. कोब्यावर सिमेंटमध्ये ते रसायन कालवून दोन हात दिले. न्हायच्या बाजूला मी ते भिंतीवरही माझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत द्यायला लावलं, कारण पलीकडे देव्हारा. मग म्हटलं, आता नहाणीच्या जाळीत बोळा कोंबा, दाराशी मातीचा बांध घाला आणि दोन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवा. मिस्त्री हसले. "वहिनी, तीस वर्षं काम करतोय." मी म्हटलं, "तीस वर्षं करताय, मग दोन दिवस थांबायला काय हरकत?" पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेच्या चांगलं बोटभर खाली. उन्हाने उडालं असेल, म्हणाले. बंद मोरीत ऊन कुठलं? शोधलं, तर नहाणी ट्रॅपच्या भोवतीच फट राहिली होती. ती बुजवली, पुन्हा दोन दिवस पाणी भरलं. यावेळी रेघ जागची हलली नाही. टाइल्स बसल्यावर ही फट कळली असती ती देवांच्या पाठीला ओल आल्यावर! मिस्त्रींनी त्यानंतर मला विचारल्याशिवाय काही केलं नाही, हेही सांगते. माणूस कामाचा चांगला होता, फक्त बायकांचं ऐकायची सवय नव्हती.

ढाळही तसाच तपासला. टाइल्सखालचा मसाला ओला असतानाच सुट्या टाइल्स मांडून तांब्याभर पाणी ओतायला लावलं. पाणी दाराकडे यायला लागलं. मसाला उचलून पुन्हा केला. आता पाणी दारापासून निघतं आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यातल्या जाळीत जातं. संडासाची बाजू कोरडी राहते. जुन्या मोरीला चार इंचांचा कठडा होता पाणी अडवायला. तो काढलाच. आता अर्ध्या इंचाची उतरण आहे, पाय अडखळत नाही. दार अडीच फुटांचं केलं, बाहेर उघडणारं. आतल्या कडीला बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खाच आहे.

भिंतीला धरायचे दांडे लावायचे होते. हे म्हणाले, "टॉवेलची दांडी आहे की, तिलाच धरतील." नाही हो! टॉवेलची दांडी टॉवेलापुरती असते. माणसाचा भार आला की स्क्रूसकट हातात येते, आणि धरायला काही नसण्यापेक्षा ते वाईट. स्टीलचे जाड दांडे वेगळे मिळतात, ते विटेत खोल बोल्ट मारून बसवावे लागतात. पण कुठे? मिस्त्री म्हणाले, तीन फुटांवर लावतात सगळे. मी सासूबाईंना आत बोलावलं. कमोड बसवून झाला होता. नेहमीपेक्षा उंच, अठरा इंचांचा घेतला आहे, गुडघे कमी वाकतात. त्यांचा उजवा पंजा हळदीच्या पाण्यात बुडवला आणि म्हटलं, आता बसा आणि उठा, हात जाईल तिथे जाऊ दे. त्या उठल्या आणि भिंतीवर हळदीचा पंजा उमटला. मग न्हायच्या जागी उभ्या राहिल्या, तिथे दुसरा. दाराशी तिसरा. मिस्त्रींनी टेप लावली. एकही पंजा तीन फुटांवर नव्हता. सासूबाई ठेंगण्या आहेत, पावणेपाच फूट. दांडे पंजांवरच बसवले. "नव्या नवरीसारखे हात उमटवले बाई या वयात," म्हणाल्या आणि पदराला हात पुसायला लागल्या. डावं मनगट अजून कमजोर आहे, म्हणून सगळं उजव्या हाताला.

न्हायला एक पक्का कट्टा बांधला, सतरा इंच उंच, वर घोटाई न केलेली कोटा फरशी. पाटावर बसून न्हायची त्यांची सवय, पण पाटावरून उठणं जमत नाही. कट्ट्यावर बसून न्हाता येतं, पाय खाली सोडून टाचा घासता येतात. मी त्यावरच बसून केस धुते. नळाची तोटी फिरवायची नव्हे, दांडीची घेतली, साबणाच्या हाताने कोपरानेही उघडते. पिंप गेलं. गच्चीवर पाचशे लिटरची टाकी बसवली, पण खाली एक नळ थेट नगरपालिकेच्या लाइनचाही ठेवला आहे. टाकीवर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. फ्लश दोन बटणांचा, तीन लिटर आणि सहा लिटर. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे बटण कुठलं कशासाठी, हे घरातल्या प्रत्येकाला नीट समजावून सांगावं लागतं. पुरुषांना दोनदा.

गीझर पंधरा लिटरचा विजेचा, त्याचं बटण बाहेर, अर्थिंग नवीन करून घेतलं आणि शॉक बसण्याआधी वीज तोडणारं तीस मिलिअँपिअरचं यंत्रही मीटरपाशी बसवलं. गॅसचा गीझर स्वस्त पडत होता, पण तो बंद न्हाणीत बसवायला मी ठाम नकार दिला. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस न्हाता न्हाता बेशुद्ध पडतं आणि बाहेरच्यांना पाण्याचा आवाज येतच राहतो. घ्यायचाच असेल तर भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत लावा.

आता माझ्या मनातलं. दाराच्या बाजूचा कोपरा मी कोरडा ठेवायला लावला. तिथे छातीएवढ्या उंचीवर कडप्प्याची एक फळी, तिच्या वर दोन खुंट्या, सासूबाईंच्या हाताला येईल अशी खाली एक. एवढंच. पण मी या घरात आले तेव्हापासून अर्धी साडी गुंडाळून, निऱ्या हातात धरून, कडेकडेने माजघरात पळत आले आहे. घरात सासरे, दीर, पाहुणे. ओल्या जमिनीवर साडी नेसता येत नाही, काठ भिजतो. मुलीला मोठी झाल्यावर आणखी वेगळ्या अडचणी. झाकणाचा एक डबा आणि त्या चार दिवसांचं सामान ठेवायला कोरडी फळी, यासाठी तिने तोंड उघडून मागायची वेळ येऊ नये असं मला वाटत होतं. मिस्त्रींच्या तीन गोलांत ही फळी नव्हती. मी सांगितलं तेव्हा मुलगी माझ्याकडे बघून नुसती हसली. आता मी आतूनच नेसून, पदर खोचून बाहेर येते. पहिल्या दिवशी ह्यांनी विचारलं, "कुठे निघालीस?"

एक चूक झाली तीही सांगते. खिडकी मी उंच घेतली, दुधी काचेची, बाहेरून दिसू नये म्हणून. पण तिची कडी इतकी वर गेली, की माझा हात पुरत नाही, सासूबाईंचा तर नाहीच. आता काठीने उघडतो. रांगोळीत खिडकी काढायची राहून गेली होती, भिंत उभी नव्हती ना!

जुनी शहाबादी फरशी मिस्त्री फोडून टाकणार होते. सासूबाई मध्ये पडल्या. त्यांच्या लग्नानंतर बसवलेली ती फरशी, कपडे आपटून आपटून मध्ये खोलगट झालेली. दोन गड्यांनी उचलून ती परसात केळीजवळ ठेवली, तिथेच आता कपडे धुते मी. दुपारी ऊन उतरलं की सासूबाई खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि माझं पिळणं बरोबर नाही, हे सांगतात.

पुढच्या खोलीला रंग अजून लागलेला नाही. परवा पाहुणे आले होते, पोपडे बघून गेले. त्यांना निरोप देऊन मी आत आले, तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. घड्याळात साडेपाच झालेले.

"चहा टाकतेस का गं?" म्हणाल्या. "आणि अर्धा नको. कपभर दे."